तीनला डोळे उघड

हिप्परग्याच्या तळ्यावर सव्वासहाला
उजेड कोऱ्या टॉवेलसारखा असतो,
एकदाही पाण्यात न गेलेला.
एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन
पाऊण तास देतं. फार तर पन्नास मिनिटं.
मग डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं,
नाकाखाली सावलीची मिशी उगवते
आणि कितीही देखणं माणूस
मतदार ओळखपत्रावरचं दिसू लागतं.

सोळा टॉवेल, चार चादरी, एक मुलगी.
शिरीषा म्याकल, अशोक चौकाच्या मागची.
मालकांनी बजावलेलं:
मालाचा रंग मालाचाच आला पाहिजे,
मुलीचा थोडा इकडेतिकडे चालेल.

सूर्य तिच्या पाठीशी घेतला.
केसांना जरीकाठ आला,
चेहरा मात्र विहिरीत गेला.
इरण्णा, थर्माकोल वर धर.
बगलेपर्यंत. आता वाकव. अजून.
तळ्यावरून वारा आला
आणि सहा बाय चारचा थर्माकोल
इरण्णासकट दोन पावलं चालत गेला.
"धरलालो की हो," तो म्हणाला,
"पण ह्येच मला धरलालंय."

शेवटी पांढरी चादर तिच्या पायाशी अंथरली.
उजेड खालून वर आला,
हनुवटीखाली, ताकासारखा पातळ.

अशा उजेडात डोळे उघडे राहत नाहीत.
त्यालाही जुनी युक्ती आहे:
डोळे मीट. मी मोजतो. तीनला उघड.
तीननंतर अर्धा सेकंद डोळे आपले असतात,
मग पाणी येतं.

चोपन्न वेळा एक, दोन, तीन.
त्यातल्या कुठल्यातरी दोनवर
माझं बोट घसरलं.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं,
पंखा गरम हवा ढवळतोय.
चारशे टक्के मोठं केलं
की माणसाचा मुलूख होतो.
गालावरच्या दोन पुटकुळ्या
आठवड्यात जाणारच होत्या, मी आज घालवल्या.
कपाळावरचा कांजिण्यांचा खळगा
जाणार नव्हता. थांबलो. ठेवला.
टॉवेलच्या कोपऱ्यावर इरण्णाची सावली,
तिच्यावर शेजारचं गवत आणून लावलं.
इरण्णा तिथं होता
याला आता पुरावा नाही.

मग बोटं.
टोकांना तंबाखूचा पिवळट तपकिरी रंग,
अंगठ्यापाशी कात्रीचा घट्टा.
रोज संध्याकाळी सातआठशे विड्या,
तिने बोलता बोलता सांगितलेलं,
जसं कुणी सांगतं, आज शेपू केलाय.
मालकांचा निरोप: हात स्वच्छ करा,
आपण टॉवेल विकतो, विडी नाही.
केले. एकेक बोट.
मनगटाची कातडी उचलून नखांपाशी नेली,
थोड्या रेषा राहू दिल्या,
नाहीतर हात मेणाचे दिसतात.
दीड तास गेला. काम चांगलं झालं.
हे लाजेने सांगतोय की तोऱ्यात,
अजून ठरत नाही.

रविवारी ती आली, आईला घेऊन.
आईने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
चष्मा कपाळावर सारून
प्रिंट नाकापाशी नेली
आणि लेकीला तेलुगूत काही विचारलं.
शिरीषा हसली. सांगेना.
फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली,
"विचारतीय, काम कधी सोडलीस?"

पंख्याखाली प्रिंटचा कोपरा फडफडत राहिला.

मग मी तो दोनवरचा काढला.
डोळे मिटलेले, ओठ किंचित हललेले,
तीही मनात मोजत असणार.
यात हातांना मी हात लावलेला नाही.
खालून चादरीचा उजेड.
आई बराच वेळ बघत राहिली.
"झोपलीय का?" तिने मराठीत विचारलं.
नाही, म्हटलं. तीनची वाट बघतीय.

ह्याचे किती, ती म्हणाली.
मी आकडा सांगितला.
शिरीषाने तो निम्मा केला.